चुलीपाशी आणलेले वासरू



आपल्या या व्याख्यानमालेला वसंताचे नाव आहे. वसंत म्हटला की आपल्याला पळस आठवतो, कोकिळा आठवते, बाजारात आलेली पहिली कैरी आठवते. आज आम्ही ज्या मुलखाविषयी बोलणार आहोत, तेथे वसंताचे नाव काढले की माणूस आधी आभाळाकडे पाहतो. अमेरिकेच्या मध्यभागी टेक्ससपासून थेट कॅनडाच्या हद्दीपर्यंत पसरलेला हा गवताळ मुलूख आहे. झाड शोधायचे तर नदीकाठी जावे लागते. तेथे मार्च-एप्रिलात जी हिमवादळे येतात, त्यांत गुरांच्या रँचवरील कुटुंबे कशी जगली आणि अजून कशी जगतात, हा आजचा विषय आहे.

युनियनच्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे आपणांपैकी काहींना वाटेल. आम्ही शाळेत थोडेच शिकलो, पुढचे वाचनालयांनी शिकवले. इतिहासाचे कोणतेही पुस्तक हाती घेतले की आमची पहिली चौकशी ठरलेली असते: रात्रपाळी कोणी केली? गोऱ्या घोड्यावरचा, कमरेला पिस्तूल लावलेला काउबॉय आपण सिनेमात पुष्कळ पाहिला. पण पहाटे तीन वाजता, बर्फ पडत असताना, अडलेल्या गाईच्या मागे गुडघे टेकून बसलेली बाई सिनेमाने आपल्याला दाखवली नाही, आणि रँचचा खरा इतिहास तर तेथेच घडतो.

आधी हवेचे समजून घेऊ. या मुलखाच्या पश्चिमेला रॉकी पर्वताची भिंत आहे, पण उत्तरेला आणि दक्षिणेला काहीच आडोसा नाही. कॅनडाकडून थंड, कोरडी हवा खाली उतरते, मेक्सिकोच्या आखाताकडून उबदार, दमट हवा वर चढते आणि पर्वताच्या पूर्व पायथ्याशी, कोलोरॅडोच्या आसपास, कमी दाबाचे भोवरे तयार होतात. भर हिवाळ्यातले बर्फ कोरडे, पिठासारखे असते. वसंतातले वादळ अनेकदा पावसाने सुरू होते. जनावर आधी कातडीपर्यंत भिजते, मग वारा उत्तरेकडे फिरतो, पारा काही तासांत कोसळतो आणि ओल्या अंगावर बर्फ चिकटत जाते. हिवाळ्याची जाड लव तोवर झडू लागलेली असते. कोरड्या थंडीला जे जनावर दाद देत नाही, तेच या ओल्या थंडीत एका रात्रीत मरते.

आणि नेमक्या याच दिवसांत गाई वितात. गाईचा गर्भकाळ सुमारे २८३ दिवसांचा. आपल्याकडे नऊ महिने नऊ दिवस म्हणतात, त्यात तो बरोबर बसतो. मे महिन्यात कोवळे गवत वर येते तेव्हा वासरू महिना-दीड महिन्याचे असावे, आईला भरपूर दूध असावे आणि पानगळीपर्यंत वासरू विकण्याजोगे वजन धरावे, हा हिशेब. हा हिशेब जुळवायचा तर वीण मार्च-एप्रिलात आणावी लागते. म्हणजे वर्षाची सगळी कमाई वर्षातल्या सर्वांत बेभरवशाच्या हवेच्या तोंडी द्यायची. एक गाय, वर्षाला एक वासरू. ते गेले की त्या गाईचे वर्ष गेले, तिने खाल्लेले गवतही गेले.

ही व्यवस्था नेहमीची नव्हती. रँच हा शब्द मुळात स्पॅनिश. मेक्सिकोतून टेक्ससमार्गे तो उत्तरेला गेला, आणि फासाची दोरी, खोगीर, गुरे राखण्याची विद्या त्याच वाटेने गेली. त्याआधी या गवतावर रानगवे चरत आणि लकोटा, शायेन आदी लोक त्यांच्यावर जगत. १८८३ च्या सुमारास रानगवे जवळजवळ संपवले गेले, मूळच्या लोकांना राखीव प्रदेशांत कोंडले गेले, आणि मोकळ्या झालेल्या गवतावर कंपन्या उतरल्या. या कंपन्यांची गादी न्यूयॉर्कातच असे असे नाही. कित्येकींची एडिंबरोत, लंडनमध्ये किंवा स्कॉटलंडच्या डंडी गावात होती. डंडी हे तागाच्या गिरण्यांचे गाव. त्या गिरण्यांचा कच्चा माल बंगालच्या शेतकऱ्याने पिकवलेला. त्या गावचा तागाचा पैसा अमेरिकेतील रेल्वेत, जमिनीत आणि गुरांत गुंतला. टेक्ससमधली प्रसिद्ध मॅटाडोर कंपनी १८८२ साली डंडीच्या भांडवलावर उभी राहिली. बंगालमध्ये तागाचा भाव पाडला की टेक्ससमध्ये गुरे वाढतात, असे कोणी तेव्हा बोलले असते तर त्याला वेड्यात काढले असते. पण पैशाला पासपोर्ट लागत नाही, हे आम्ही कामगार फार पूर्वी शिकलो.

कंपनीच्या रँचवर कुटुंब नव्हते. मजुरांची एक लांब खोली, एक स्वयंपाकी, आणि महिन्याला २५ ते ४० डॉलर पगारावर राबणारे अविवाहित पोरगे. पूर्वीचे मालक गड्याला स्वतःची दोन-चार गुरे ठेवू देत, कळपाबाहेरच्या बिनखुणेच्या वासरांवर त्याला आपली खूण डागू देत. म्हणजे गडी एक दिवस मालक होईल, अशी वाट उघडी होती. कंपन्यांनी ती बंद केली. तेव्हा १८८३ च्या मार्चमध्ये टेक्ससच्या उत्तर टोकाला चोवीस काउबॉयांनी एका कागदावर सह्या केल्या. टॉम हॅरिस हा त्यांचा पुढारी. मागणी साधी होती: महिना ५० डॉलर, स्वयंपाक्यालाही तेवढेच, टोळीच्या मुकादमाला ७५. वसंतात गुरे गोळा करण्याची वेळ आली असताना त्यांनी काम थांबवले. संपाला लोक आणखी मिळाले, पण फंड नव्हता, संघटना नव्हती आणि बेकार तरुण भरपूर होते. मालकांनी नवी माणसे घेतली आणि सुमारे अडीच महिन्यांत संप विरला. १८८६ साली अमेरिकेत फिरलेल्या एडवर्ड एव्हलिंग व एलिनॉर मार्क्स या जोडप्याने आपल्या पुस्तकात काउबॉयांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. हा स्वच्छंद वीर नाही, हा मजूर आहे, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. आम्हांला ते प्रकरण कोणत्याही सिनेमापेक्षा मोलाचे वाटते.

मजुरांनी जे साधले नाही, ते हवेने साधले. १८८६ चा उन्हाळा कोरडा गेला. गवत कमी, गुरे जास्त. पुढचा हिवाळा असा आला की मोंटाना, डाकोटा, वायोमिंगमधील कित्येक कळपांतील निम्म्याहून अधिक जनावरे मेली. वैरण साठवण्याची पद्धतच नव्हती, कारण साठवणुकीला मजूर लागतात आणि मजुराला पगार लागतो. गुरे आपापली जगतील, हा कंपन्यांचा सिद्धान्त. जुडिथ खोऱ्यातील एका रँचच्या मालकाने हेलेना गावातून विचारणा केली की आपली गुरे कशी आहेत. तेथे गुरे राखणाऱ्या चार्ल्स रसेल नावाच्या तरुणाने शब्दांऐवजी एक चित्र रंगवले: बर्फात उभी हाडांची गाय, आणि भोवती वाट पाहणारे लांडगे. मालकाला सगळे कळले. रसेल पुढे मोठा चित्रकार झाला. एडिंबरोची स्वॉन कंपनी त्याच वर्षी कोसळली, इतर अनेक आटोपल्या. उरले ते ज्यांच्याकडे गवताची गंजी होती, थोडे कुंपण होते, आणि बिनपगारी राबणारे हात होते. बिनपगारी हात म्हणजे बायको आणि मुले. रँचवर कुटुंब आले ते असे, गरज म्हणून आले.

छोटी बिऱ्हाडे त्याआधीही येतच होती. १८६२ च्या कायद्याने कुटुंबप्रमुखाला १६० एकर जमीन मिळे, पाच वर्षे कसली की मालकी. अविवाहित किंवा विधवा बाई अर्ज करू शके. नवरा असलेल्या बाईला मात्र स्वतःच्या नावाने सहसा करता येत नसे. नेब्रास्कातल्या या बिऱ्हाडांनी १८७३ चा ईस्टर कधी विसरला नाही. १३ एप्रिलचा रविवार. आधी पाऊस आणि गडगडाट, मग तीन दिवस असे बर्फ की हात लांब केला तर दिसेना. लाकूड नाही म्हणून गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या चौकोनी ढेपांची घरे बांधलेली. एकच खोली. अनेकांनी घोडे, गाई, कोंबड्या, जे हाती लागले ते त्या खोलीत घेतले आणि माणसे व जनावरे तीन दिवस एकत्र राहिली. आपल्याकडे जुन्या घरांत एका बाजूला गोठा आणि दुसऱ्या बाजूला चूल असेच, म्हणून आपल्याला यात नवल कमी वाटेल. तिकडच्या बायका पडदे आणि चिनी मातीची भांडी घेऊन पूर्वेकडून आल्या होत्या. त्यांना ते जड गेले असणार.

या बायकांपैकी एकीचे नाव येथे सांगायला हवे. एलिनॉर प्रूइट स्टुअर्ट. डेन्व्हर शहरात लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी, पदरात लहान मुलगी असलेली ही बाई १९०९ साली वायोमिंगमधील एका रँचवाल्याकडे घर सांभाळायच्या नोकरीवर गेली आणि काही आठवड्यांतच त्याच्याशी तिने लग्न केले. आपल्या जुन्या मालकिणीला तिने लिहिलेली पत्रे १९१४ साली पुस्तकरूपाने आली. त्यांत एक मजेची गोष्ट आहे. गवत कापायला गडी मिळेना, तेव्हा ही बाई स्वतः घोड्यांचे कापणीयंत्र जुंपून शेतात उतरली. हे काम ती लहानपणी शिकली होती, पण बाईमाणसाला ते शोभत नाही म्हणून तिने लपवून ठेवले होते. आता हे गवत कशासाठी? मार्चच्या वादळासाठी. ऑगस्टात कापलेली प्रत्येक पेंढी म्हणजे पुढच्या वसंतातल्या वादळाविरुद्धची ठेव.

आता त्या रात्रीकडे वळू.

वादळाची चाहूल लागली की पहिले काम गाभण गाई आडोशाला आणणे. गुरे वाऱ्याकडे पाठ करून चालू लागतात आणि कुंपण आडवे येईपर्यंत थांबत नाहीत. काटेरी तारेचे पेटंट १८७४ चे. त्या तारेने कुटुंबांना जमीन राखून दिली आणि त्याच तारेपाशी गुरे एकावर एक पडून मेली. म्हणून नवरा आणि थोरली मुले घोड्यावर किंवा अलीकडे मोटारीने बाहेर जातात. पहिलारू कालवडी गोठ्यात, अनुभवी गाई ओढ्याच्या पोटात किंवा फळ्यांच्या आडभिंतीमागे. घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधायचा, कारण पन्नास पावलांवरचा गोठा दिसत नाही आणि अंगणात चुकून माणसे मेलेली आहेत.

मग फेऱ्या. दर दोन तासांनी कोणीतरी कंदील किंवा बॅटरी घेऊन जायचे. गिरणीत पाळ्या तरी बदलतात, येथे तीच चार माणसे सहा आठवडे हे करतात. वासरू आडवे आले असेल तर हात घालून वळवायचे, पायांना साखळी लावून ओढायचे. आठ-दहा वर्षांची पोरे हे काम पाहतात, चौदाव्या वर्षी करतात. नुकते जन्मलेले ओलेचिंब वासरू अशा हवेत तास-दोन तासांत आखडते. तोंडात बोट घालून पाहायचे. जीभ गार लागली की ते उचलून सरळ घरात.

आणि घरात ते आईच्या हवाली. आता ते काम तिचे. चुलीची भट्टी उघडी ठेवून तिच्यासमोर गोणपाटावर वासरू निजवायचे, खसखसून पुसायचे. पुढच्या काळात न्हाणीघरातल्या टबात कोमट पाण्यात धरायचे. कान आणि शेपटी आधी गोठतात. वाचलेल्या पुष्कळ वासरांचे कान जन्मभर आखूड राहतात आणि त्यावरून ते कोणत्या रात्री जन्मले हे घरातले सांगू शकतात. खरे औषध म्हणजे चीक. आपण त्याचा खरवस करतो, पण वासराला तो जीवनमरणाचा प्रश्न आहे. रोगाशी लढण्याची शक्ती त्याच्या रक्तात जन्मतः नसते, ती चिकातून मिळते, आणि पहिल्या चोवीस तासांनंतर ती शोषून घेण्याचे आतड्याचे सामर्थ्य संपते. पहिले सहा तास सोन्याचे. म्हणून एखाद्या गाईला आडोशाला धरून चीक काढायचा, तो बाटलीने किंवा नळीने पाजायचा. स्वयंपाकघरात अशी चार-पाच वासरे, बाहेर वारा, आणि त्यातच माणसांची भाकरी, कॉफी, ओले हातमोजे, तान्हे मूल. फरशीची काय अवस्था होते ते सांगायला नको.

एक गोष्ट वाचून आम्ही थबकलो. एका गाईचे वासरू मेले आणि दुसऱ्या वासराची आई मेली, तर मेलेल्या वासराचे कातडे काढून पोरक्या वासराच्या अंगावर बांधतात. गाय वास घेते, आपलेच म्हणून चाटते, पान्हा सोडते. चार दिवसांनी कातडे काढून टाकले तरी चालते. आपल्याकडेही गवळी मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून तो गाईपुढे ठेवत, पण आपण दूध स्वतःसाठी काढत होतो. तिकडे त्या फसवणुकीतून एक वासरू जगते. कातडे कापणारा मात्र बहुधा घरातला बारा-तेरा वर्षांचा मुलगा असतो, आणि त्याने आदल्या रात्री तेच वासरू चुलीपाशी जागून सांभाळलेले असू शकते.

एकाकीपणावरही त्यांनी युक्ती काढली होती. टेलिफोन कंपन्या इतक्या विरळ वस्तीत तार टाकीनात, तेव्हा रँचवाल्यांनी कुंपणाच्या काटेरी तारेलाच टेलिफोन जोडले. लांबलचक घंटी वाजली की साऱ्यांनी कान लावायचा: वादळ येत आहे, अमक्याचा मुलगा घरी पोचलेला नाही. बर्फात कुंपण गाडले गेले की मात्र तारही मुकी.

जनावरांचेच बोलत राहिलो तर माणसांवर अन्याय होईल. १५ मार्च १९२० रोजी उत्तर डाकोटात असेच वादळ उठले. सेंटर गावाजवळच्या शाळेत हेझल मायनर ही पंधरा वर्षांची मुलगी आपल्या धाकट्या भावाबहिणीसह होती. वडील घोड्यावर त्यांना न्यायला आले. मुलांना घसरगाडीत बसवून ते स्वतःचा घोडा आणायला वळले, तेवढ्यात गाडीचा घोडा निघाला आणि बर्फात दिसेनासा झाला. पुढे गाडी उलटली. हेझलने भावंडांना पांघरुणांत गुंडाळले, त्यांना झोपू नका म्हणून बजावत राहिली आणि वाऱ्याच्या बाजूने त्यांच्यावर स्वतः आडवी झाली. सुमारे पंचवीस तासांनी लोक पोचले तेव्हा दोन्ही लहान मुले जिवंत होती. ती नव्हती. पुढच्या महिन्यात तिला सोळावे लागले असते. १९३६ साली तेथील कचेरीसमोर तिचे दगडी स्मारक उभारले गेले.

१९६६ च्या मार्चमध्ये, २ ते ५ तारखांना, त्याच प्रांतात पुन्हा महावादळ झाले. बर्फाचे ढीग तीस फुटांवर गेले. तेव्हाचे एक छायाचित्र जगभर गेले आहे. त्यात बर्फावर उभा असलेला माणूस तारेच्या खांबाच्या अगदी टोकाशी आलेला दिसतो. गुरे हजारोंनी मेली. नाकपुड्यांत बारीक बर्फ दाटून कित्येक उभ्याउभ्या गुदमरली. घरोघरी वीज आली होती, रेडिओ होता, पण तारा तुटल्यावर घर पुन्हा १८७३ मध्ये गेले: एक चूल, एक खोली, सगळे त्यात.

आता आमच्या आवडीच्या, म्हणजे नावडीच्या, हिशेबाकडे येतो. अशा घरात मालकही आपण आणि मजूरही आपण. संप कोणाविरुद्ध करायचा? वासराचा भाव हे घर ठरवत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पाच मोठ्या मांस कंपन्यांनी बाजार मुठीत धरला, म्हणून १९२१ साली सरकारला कायदा करावा लागला. आज चार कंपन्या खुराकावर पोसलेल्या गुरांपैकी सुमारे ८५ टक्के कापतात. पाचाचे चार झाले, एवढी प्रगती. आणि या कुटुंबाने एखादा गडी ठेवला तर त्याचे काय? १९३५ च्या युनियन हक्काच्या कायद्यातून शेतमजूर वगळला गेला. १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्यातूनही तो वगळला गेला. पुढे काही शेतमजुरांना किमान वेतन मिळाले, पण कुरणावर गुरे राखणारा गडी त्यातूनही बाहेर ठेवला गेला. घरच्या बाईला पगार नाही म्हणून तिची रात्र फुकट, आणि तिची फुकट म्हणून गड्याची स्वस्त. टॉम हॅरिसच्या चोवीस सह्यांचा कागद अजून निकालात निघालेला नाही.

ऑक्टोबर २०१३ मध्ये दक्षिण डाकोटात अवेळी वादळ आले. आधी पाऊस, मग बर्फ, गुरांच्या अंगावर हिवाळ्याची लव आलेली नव्हती. दहा-दहा हजारांच्या हिशेबाने जनावरे मेली. त्याच आठवड्यात वॉशिंग्टनमध्ये अंदाजपत्रकाच्या भांडणावरून सरकारी कचेऱ्यांना टाळे होते आणि मेलेल्या जनावरांच्या भरपाईची योजना आधीच लोप पावली होती. मेलेली गाय दाखवायची कोणाला? २०१४ च्या कायद्याने ती योजना मागच्या तारखेपासून पुन्हा आणली, बाजारभावाच्या ७५ टक्के. त्याच २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या मराठवाड्यात-विदर्भात गारपीट झाली. पंचनाम्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे आपणांला परक्या उदाहरणावरून शिकवायची गरज नाही.

मार्च २०१९ मध्ये नेब्रास्कात तर वादळ आणि पूर एकत्र आले. गोठलेल्या जमिनीवर पाऊस पडला, नद्यांवरचे बर्फ फुटले आणि १४ मार्चला नायोब्रारा नदीवरील स्पेन्सर धरण फुटून बर्फाच्या शिळा कुरणांत पसरल्या. ऐन विणीचा हंगाम. तेव्हाही स्वयंपाकघरांत वासरे आली. मोटारींच्या पुढच्या बैठकीवर, पायांपाशी, हीटर लावून आली.

वादळ ओसरले की सकाळ फार स्वच्छ असते म्हणतात, डोळे दिपवणारी. मग मोजणी. खिशातल्या लहान वहीत गाईचा क्रमांक, वासराचा क्रमांक, आणि काही ओळींवर आडवी रेघ. मेलेली वासरे गाडीत घालून दूरच्या घळीत नेतात. गाई दोन-तीन दिवस हंबरत कुंपणाकाठी फिरतात. त्या थांबेपर्यंत घरात कोणी त्याविषयी बोलत नाही. मेमध्ये गवत येते. वासरांवर खूण डागायला आजूबाजूची पाच-सहा घरे जमतात, पगार कोणी घेत नाही, आज तुझ्याकडे तर परवा माझ्याकडे. बायका जेवण घेऊन येतात, आणि जेवताना चौकशी एवढीच असते की तुमच्याकडची किती राहिली.